शेवंती का बिथरली

७ एप्रिल १९८६, सोमवार

बसला! कॅमेरा बसला एकदाचा! दादाने मस्कतहून आणलेल्या रिमोटच्या मोटारीचं टप काढून टाकलं आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी कॅमेरा आवळला. ओझ्याने पुढची चाकं दबतात, पण चालते. कॅमेऱ्याची खिट्टी ओढायची, मोटार पुढे न्यायची — थोड्या वेळाने आपोआप क्लिक, वर फ्लॅश.

हॉटेलचे मालक हसले. "कोंडीराम, माथेरानात मोटारीला बंदी आहे, ठाऊक आहे ना?" हसू देत. मला घोड्याच्या टापा हव्यात. जमिनीवरून, अगदी अंगावर येताना. असा फोटो इथे कुणी काढलेला नाही. मुंबईच्या स्पर्धेला पाठवणार.

९ एप्रिल

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

जांभळीच्या दाट सावलीतली वाट. पदू घोडेवाला येताना दिसला, त्याच्या शेवंतीचा लगाम धरून. घोडीवर आमच्याच हॉटेलातल्या पाहुण्या बाई. पदूला आधी सांगायचं मनात होतं — खरंच होतं! पण सांगितलं तर तो घोडी थांबवून फोटोला उभी करणार, हवा तसा फोटो मिळणार नाही. म्हणून झुडपाआड गप्प बसलो.

मोटार सोडली. घुर्र करत वाटेच्या मधोमध गेली. शेवंतीने कान टवकारले. मोटार पायांशी येताच घोडी मागच्या पायांवर उभी! घोडी मागच्या पायांवर उभी! बाई करवंदीच्या जाळीत पडल्या. पदू खाली — घोडी त्याच्या हातावरून गेली. त्याची किंकाळी अजून कानात आहे.

आणि मी? मी आधी मोटार उचलली. आधी मोटार! पिशवीत कोंबली, मागच्या पायवाटेने वळसा घातला आणि "काय झालं, काय झालं" करत धावत आलो.

पदूला हातरिक्षात घालून दवाखान्यात नेलं. उजवा हात मोडलाय. बाईंना नुसतं खरचटलं. म्हणाल्या, "तुम्ही देवासारखे आलात."

१० एप्रिल

मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ताट तसंच ठेवून उठलो.

१४ एप्रिल

घोडेवाल्यांची बैठक झाली. म्हातारा चांगो म्हणाला, "इनाकारन उधळली. उद्या कुनाचा जीव घेईल." शेवंतीचा बिल्ला काढून घेतला. आता तिच्यावर पाहुणा बसवायचा नाही. मीही तिथे होतो. कुणीतरी विचारलं, "तू पयला पोचलास ना रं? वाटेवर काय व्हतं का?"

मी म्हणालो, "काही नव्हतं."

तिथून पदूकडे गेलो. सांगायचंच ठरवून गेलो होतो. त्याच्या बायकोने, जनीने, चहा पुढे केला. "भाऊ, तुमी नसता तर हे वाटेवरच पडले असते." चहा प्यायलो. उठून आलो. हरामखोर आहे मी.

१९ एप्रिल

पदू शेवंतीला मारत होता. डाव्या हाताने. काठी धड बसतही नव्हती. अकरा वर्षांत त्याने तिच्यावर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. ती हलली नाही, जागेवर नुसती कातडी थरथरवत राहिली. जनी आडवी आली, "मुक्या जनावराला किती माराल?" पदू ओरडला, "तिनंच माती केली सगळी!"

मी कुंपणापाशी उभा होतो. तसाच मागे फिरलो.

२४ एप्रिल

कर्जतला जाऊन रोल धुऊन घेतला. स्टुडिओवाला फोटो हातात धरून बघतच राहिला. "काय टिपलंय राव!"

खरंच, आयुष्यात एवढा चांगला फोटो काढला नाही. शेवंतीच्या टापा आभाळात, नाल चकाकतायत, माती उडालेली. आणि खाली पदू — थेट कॅमेऱ्याकडे बघतोय.

म्हणजे त्याने पाहिलं! त्याला ठाऊक आहे. मग बोलत का नाही?

२५ एप्रिल

पदूकडे गेलो नाही. भ्यालो.

२६ एप्रिल

गेलो. जनी पाण्याला गेली होती. फोटो पदूच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. मोटार, फ्लॅश, वळसा. मारेल म्हणून वाट बघत बसलो. तो फोटोकडेच बघत राहिला.

"असं व्हय. मला वाटलं कायतरी जनावरच आलं फुसकारत." मग हळूच — "माझं हात बघ."

बघितले. दोन्ही हात रिकामे. लगाम सुटा, हवेत.

"मी सोडला रं. बाई वर असताना सोडला न् पळालो. पळताना तिच्या पायांत आलो. ती काय माझ्या अंगावर आली नाय."

मी फोटो उचलून पुन्हा बघितला.

"घोडेवाल्यानं लगाम सोडला कळलं तर कोन आपली पोरंबाळं माझ्या हातात देईल? जनीला बी नाय सांगितलं. तू तुझं बोलू नको, मी माझं बोलत नाय. फोटो जाळून टाक."

"आणि शेवंती?"

"गुरुवारी कल्यानचा टांगेवाला नेतोय." हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

तिथेच चुलीत फोटो घातला. निगेटिव्हही. घरी येताना हलकं वाटलं. खरंच वाटलं! दोन माणसं सुटली, घोडी गेली. त्या हलकं वाटण्याचीच आता किळस येतेय.

२९ एप्रिल

शेवंतीला गूळ द्यायला गेलो. तिने खाल्ला. माझ्याच हातातून.

१ मे, गुरुवार

टांगेवाल्याने तिचा दोर हातात घेतला होता. सगळे घोडेवाले जमलेले. मी मोटार मधोमध ठेवली आणि सांगितलं. माझं तेवढंच — पदूचं नाव घेतलं नाही. पहिली थोबाडीत जनीने मारली. दुसरा हात उचलला, तेव्हा पदू मागून म्हणाला, "थांब गं. लगाम मी सोडला व्हता."