कुमाने घातलेला शब्द

प्रिय ओब्राद,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं. पण इतकी वर्षं तुला असंच लिहीत आले, आता रागासाठी वेगळी सुरुवात कुठून आणू?

ग्वोझ्देनचे पैसे मी परत केले. सगळे. सॉ मिलच्या ऑफिसात जाऊन त्याच्या टेबलावर ठेवले. तो हसून म्हणाला, “पोरी, सिनेमा काय पाण्यावर चालतो?” मी म्हटलं, दारूवर तर नक्कीच चालत नाही. तिकडे बेलग्रेडमध्ये हे वाचून तू कपाळावर हात मारून घेशील. खुशाल मार.

पैसे उभे करायला आपण काय काय केलं ते तरी आठव. राजधानीतल्या सिनेमा-अनुदान समितीनं आपल्याला दोनदा वाटेला लावलं. “फाटकाबाहेर एक बाई उभी राहते, बरं, पुढे काय?” असं विचारलं त्यांनी. मग आपण गावातच झोळी फिरवली. बेकरीवाल्या झोर्कानं शूटिंगभर पाव द्यायचं कबूल केलं, पाद्रीबाबांनी चर्चचा जनरेटर दिला आणि हेडमास्तरांनी पोरांना सुट्टी देऊन शाळेच्या सभागृहात घरी गाळलेली राकिया विकली. का दिलं लोकांनी? सिनेमातलं त्यांना काय कळतं? पण ती बाई कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुझी आई. तुझे वडील, रादोसावकाका, लागोपाठ तिसऱ्या पाळीत करवतीखाली गेले आणि मिलनं कागदावर लिहिलं, ‘दारूच्या नशेत’. सणाच्या पेल्याला नुसते ओठ लावणारा माणूस. अख्खं गाव त्यांना ‘पाणीवाला’ म्हणून चिडवायचं. तेवढा एक शब्द खोडा म्हणून स्तामेनामावशी वर्षानुवर्षं मिलच्या फाटकाशी उभी राहिली आणि तिचा हात धरून तू. तीच आपली गोष्ट होती. नव्वद पानं आपण दोघांनी माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिली.

आणि बेलग्रेडच्या नटीचे पैसे कमी पडले, तेव्हा तू गेलास कुणाकडे, तर ग्वोझ्देनकडे. ज्यानं कागदावर तो शब्द लिहवून घेतला त्या मालकाचा मुलगा. त्यालाच तू लेकीच्या बाप्तिस्म्याला कूम, तिचा धर्मपिता, केलं होतंस. नातीसाठी मावशीनं तो घोटही गिळला. देव आभाळात आणि कूम जमिनीवर, त्याला नाही म्हणायचं नसतं, हे मलाही कळतं. पण त्यानं पैशांबरोबर काय मागितलं ते तू मला सांगितलं नाहीस. मला ते कळलं संत निकोलाच्या दिवशी, त्याच्या घरी, भरल्या पंगतीत. स्लावाला, घराण्याच्या संताच्या सणाला, कुणाला बोलवत नाहीत, आपणच जायचं असतं, म्हणून मावशीही आली होती. ग्वोझ्देननं पेला उचलला आणि म्हणाला, “आपल्या सिनेमासाठी. आणि बिचाऱ्या रादोसावसाठी. माणूस चांगला होता हो, फक्त त्या दिवशी जरा जास्त झाली होती. आता सिनेमातही तसंच आहे, म्हणजे कुणाला राग नको.”

मावशीनं चमचा खाली ठेवला. तुझ्याकडे बघितलं. तू माशाच्या सुपात बघत राहिलास. ती उठली, मेणबत्तीसमोर क्रूसाची खूण केली, घरच्या बाईला म्हणाली, “सूप छान झालंय हो,” आणि निघून गेली. असं एखाद्याचं अन्न न टाकता त्याच्या तोंडात मारणं फक्त तिलाच जमतं. अंगणात मी तुझी कॉलर धरली, तेव्हा तू काय म्हणालास? “विदा, एवढ्या मोठ्या सिनेमात तो एकच शब्द आहे.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते लाकडाच्या गावात सांगावं लागू नये. समितीनं नाकारलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, तुझी मात्र शरम वाटली. अजून वाटते.

आता नटी नाही. कॅमेरा उसना आहे, जनरेटर खोकतो, पण झोर्का पाव देणार आहे. मी मावशीकडे गेले आणि म्हटलं, तूच उभी राहा, तुझ्याइतकं ते फाटक कुणाला माहीत आहे. ती मिरच्या भाजत होती. हातातली मिरची उलटून म्हणाली, “गावानं काय म्हणावं याची मी कधी पर्वा केली नाही. पण माझ्या पोरानं तो शब्द लिहिला, तर मी कुणाच्या जिवावर उभी राहू? आधी त्याला विचार. त्याचा बाप प्यायलेला होता का?”

ते विचारायलाच हे पत्र आहे. गुरुवारी सकाळी आम्ही फाटकाशी असू. फोन करू नकोस, मला कारणं नकोत आणि तिला ऐकायला कमी येतं. ये, तिचा हात धर, तिच्या कानाशी वाक आणि ‘नाही’ म्हण. तूच म्हणालास ना, एकच शब्द आहे.

रागावलेली, पण तुझीच,
विदा