तिसऱ्या कडव्यावर अडलेली बाई

माय, तुले माहा जयभीम. जया पोरी, आजीले हे मोठ्यानं वाचून दाखव, मधातलं गाळू नको.

मी इथं नागपुरात बरी आहो, खोकला गेला. तुह्या गुडघ्याले जया तेल लावून देते का?

ज्या डेन्मार्कच्या, पण इथंच म्हातारी झालेल्या बाईले मी सांभाळून राहिली, तिचं लकव्यानं मराठी गेलं, इंग्रजी बी गेलं. तिच्या बोलीतली एक कविता तेवढी राहिली. डॉक्टर म्हणे, "तिले कविता म्हणती ठेवा, नाहीतर हे बी जाईल." मी का मास्तरीण आहो?

पण ऐकून ऐकून चाल कळली. एक ओळ लांब, एक आखूड. आखूड ओळींचे शेवट एकमेकींले जुळतात. ठेका जात्याच्या फेऱ्यासारखा पडते, अन् दर कडव्याच्या शेवटी तीच ओळ परत येते. मी ती दळणातल्या गाण्यासारखी उचलली, जमली तशी. बाई अर्ध्या तोंडानं हासली. म्हटलं, हास वं बाई, पण म्हण.

परवापासून तिसऱ्या कडव्यावर अडली. हातानं पलंगावर ठेका देते अन् माह्या तोंडाकडे पाहते, जशी जात्यावरची जोडीदारीण पाहते. चाल मले पाठ आहे, पण तिचे शब्द माह्या तोंडी बसलेच नाही, ते कुठून आणू? तिची बोली इथं कोणालेच येत नाही. काल पेज बी नाही घेतली. मी तिच्यावरच खेकसली, मग मोरीत जाऊन रडली.

तुह्यासंग दळताना काकीले ओळ सुचत नसे, तवा तू काय करत होतीस? लवकर कळव.

तुही लेक,
शेवंता