खडा हलवायची मुभा

वाडीची शाळा, ता. जि. रत्नागिरी
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मालिनीबाई यांस,
भास्करचा सप्रेम नमस्कार.

देवीच्या कृपेने तुम्ही आणि घरची मंडळी खुशाल असाल. या सोमवारी सकाळी मी नेहमीसारखा आधी देवळात दिवा लावला, मग वर्ग झाडला, तीन अंदाजांच्या तीन करवंट्या धुऊन टेबलावर ओळीने मांडल्या आणि मिठाचा प्रयोग लावला. तराजूच्या एका पारड्यात पाण्याचा पेला आणि त्याच पारड्यात कागदावर मीठ. दुसऱ्या पारड्यात दगड घालून काटा मधोमध आणला. आता हे मीठ पाण्यात ढवळलं, पार दिसेनासं झालं, तर पारडं वर जाईल, खाली जाईल, की आहे तसंच राहील? प्रयोग तुमचाच. करवंट्याही तुम्हीच काथ्याने घासून गुळगुळीत केलेल्या.

सानवीने आपला खडा 'वर जाईल'च्या करवंटीत टाकला. मी मीठ ढवळलं. काटा जागचा हलला नाही. म्हणजे तिचं चुकलं. मुलं चुकतात, त्यात लिहिण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल.

इकडची खबरबात. भात झोडून झालं. थंडी अजून म्हणावी तशी नाही, त्यामुळे मोहोराचं काही खरं नाही असं बागवाले म्हणतात. गुरवाचं घर मुंबईला गेल्यापासून देवळातला दिवा माझ्याकडे आला होता, तो अजून माझ्याकडेच आहे. वेदिकाची आई जूनमध्ये तिला घेऊन रत्नागिरीला राहायला गेली, हे तुमच्या कानावर आलं असेल. तेव्हापासून शाळेत चौथीची सानवी एकटी. पटावर एक नाव. हजेरी घेताना मी तिचं नाव पुकारतो, ती "हजर" म्हणते, आणि मी हजेरीपट मिटतो.

तुमची गणपतीपुळ्याकडची शाळा भरलेली असते म्हणे. ऐकून बरं वाटलं.

मला सारखा तो नारळाचा दिवस आठवतो. तुम्ही बादलीत पाणी घेऊन सोललेला नारळ टेबलावर ठेवला होता आणि विचारलं होतं, बुडेल की तरंगेल? संदेशने धाडकन 'बुडेल'मध्ये खडा टाकला.

"आत पाणी हाय ना, जड असतो तो."

"मग परवा पऱ्यातून नारळ वाहत आला तो कसा रे?" वेदिका म्हणाली.

"त्याला सोडण होतं. सोललेल्याचं बोल. लाव पैज. हरलीस तर वर्षभर माझी पाटी पुसायची."

"तुझ्या पाटीवर पुसायला असतं तरी काय?"

पोरं हसली. माझ्या तोंडात उत्तर आलं होतं. मी ते सांगूनही टाकलं असतं, पण तुम्ही माझ्याकडे असे डोळे वटारलेत की मी गप्प झालो. सानवी तेव्हा दुसरीत. तिचा खडा संदेशच्याच करवंटीत होता. तिने नारळ उचलून कानाशी हलवला, पुन्हा हलवला, आणि मग आपला खडा काढून 'तरंगेल'मध्ये नेऊन ठेवला. "पाणी वाजतंय," ती म्हणाली. "भरलेला असता तर वाजला असता काय? आत रिकामी जागा हाय." नारळ जरासं डोकं वर काढून तरंगला. संदेश रडकुंडीला आला, तर तुम्ही म्हणालात, "अरे, तू अडून बसलास म्हणून तिला नारळ हलवून बघायची बुद्धी झाली."

मी याच शाळेत शिकलो, तेव्हा गुरुजी फळ्यावर लिहायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. पुढे मीही तसंच शिकवलं. माझी मुलं पाढे घडाघडा म्हणायची आणि पावशेर म्हणजे किती, हे विचारलं की छताकडे बघायची. तुम्ही आल्यावर मला पहिल्यांदा दिसलं, की मूल ज्या गोष्टीसाठी भांडतं ती विसरत नाही. आधी अंदाज, मग खडा, मग वाद, मग पटलं तर खडा हलवायचा, आणि सगळ्यात शेवटी प्रयोग. या क्रमाला तुम्ही कधी हात लावू दिला नाहीत.

आता सोमवारचं नीट लिहितो. मघाशी अर्धंच लिहिलं.

वेदिका गेल्यावर सानवीशी भांडायला कुणी उरलं नाही. खडा एकच, मग वाद कसला? म्हणून जूनपासून दुसरा खडा मी टाकू लागलो. मुद्दाम चुकीच्या करवंटीत टाकायचा, म्हणजे तिने मला खोडून काढावं. सुरुवातीला ती तावातावाने भांडायची. पुढे भांडण कमी झालं आणि उत्तरं मात्र बहुतेक बरोबर यायला लागली. पोर हुशार झाली, असं मी समजत होतो. देवीपुढे हात जोडून तसं बोललोही होतो.

सोमवारी काय मनात आलं कोण जाणे, मी माझा खडा 'आहे तसंच'मध्ये टाकला. खऱ्या उत्तरात. सानवीने तराजूकडे बघितलंच नाही. मिठाकडे बघितलं नाही. माझ्या हाताकडे बघितलं आणि आपला खडा दुसरीकडे टाकला.

काटा हलला नाही तेव्हा तिचा चेहरा पडला. "गुरुजी, आज तुम्ही खरा खडा टाकलात?"

"हो. का गं?"

"तुमचा नेहमी खोटा असतो. तुमचा सोडून दुसरा घ्यायचा, एवढंच असतं." मग खाली मान घालून म्हणाली, "फसवलंत मला."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती दमल्यासारखी दिसत होती, चौथीतली पोर. जिने नारळ कानाशी लावला होता, तिला मी सहा महिन्यांत माझा हात वाचायला शिकवला. तिच्या शिकण्याचं मी काय करून ठेवलं, ते त्या पारड्यासमोर मला दिसलं.

पुढचं लिहवत नाही. दिव्याची वेळ झाली आहे.

सोमवार, १ डिसेंबर

पत्र टाकायचं राहिलं होतं. आज एकादशी. उपासाचं खाऊन पुन्हा लिहायला बसलो आहे.

बाई, गेल्या वर्षी शाळा समितीच्या सभेत तुम्ही म्हणाला होतात की या दोन्ही पोरींना नाक्यावरच्या केंद्रशाळेत घाला, दोन मुलांचा वर्ग होत नाही. मी उठून म्हणालो की देवीचा दिवा जळतो तोवर वाडीची शाळा बंद होणार नाही. सगळी वाडी माझ्या बाजूने झाली. तुमची बदली झाली, तेव्हा निरोपाचा नारळ घ्यायलाही थांबला नाहीत. पुढे तुमचे फोन आले ते मी घेतले नाहीत.

वाडीची शाळा हे नुसतं सभेत सांगायचं कारण होतं. या शाळेचे चिरे माझ्या वडिलांनी खांद्यावरून वाहून आणले. दिवा माझ्याकडे आहे. शाळा बंद झाली की माझी नेमणूक कुठे खेडकडे नाहीतर त्याच्याही पलीकडे होईल आणि माझं इथलं सगळं सुटेल. मला इथे राहायचं होतं, आणि त्यासाठी पटावर एक तरी मूल लागत होतं. ते मूल सानवी होती.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेलो. तिचे आईबाप मुंबईला, घरात आजी सोनूबाई. त्या ओटीवर कुळीथ निवडत होत्या. मी सांगितलं, पोरीला नाक्यावर घालूया.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "गेल्या साली बाई ह्येच बोलत व्हत्या. तवा सगल्यांत मोठ्यानं 'नाय' कोन बोललं?"

"मीच."

"मग आता काय झालं? पोर डोईजड झाली तुमाला?"

"नाही हो. तिच्याशी भांडायला कुणी नाही इथे."

"भांडायला?" सोनूबाई हसल्या. "त्याला शाला कशाला लागते, गुरुजी? मी हाय की घरात." मग त्यांनी शाळेच्या दिशेने बघितलं. "शालेला कुलूप लागंल."

"लागेल."

"आनी दिवा?"

मी सुपातल्या कुळथात बोटं फिरवत राहिलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "दिव्याचं मी बगीन. गुडगं चालतात तोवर."

आज सकाळी दाखला लिहिला आणि सानवीला घेऊन एसटीने नाक्यावर गेलो. करवंट्या पिशवीत घेतल्या होत्या. तिथले गुरुजी तरुण आहेत, वर्ग मोठा. म्हणाले, "सर, अभ्यासक्रम मागे पडलाय, पण तासाची शेवटची पंधरा मिनिटं घ्या." मी जांभ्याचा एक कोरडा दगड तोलून दाखवला. हा पाण्यात बुडवून ठेवला, मग बाहेर काढून फडक्याने पुसून परत पारड्यात घातला, तर पारडं वर, खाली, की आहे तसंच? माझा खडा मी खिशातच ठेवला.

मुलांनी खडे टाकले. बहुतेक सगळे 'आहे तसंच'मध्ये. सानवीचा एकटीचा 'खाली'त.

"दगड काय पाणी पितो?" पहिल्या बाकावरची अक्षया नावाची मुलगी म्हणाली. "तोंड कुठाय त्याला?" वर्ग खो खो हसला.

सानवी लाल झाली. तिला सवय राहिली नव्हती. मला वाटलं, आता ही माझ्याकडे बघणार. पण ती उठून टेबलापाशी गेली, दगड हातात घेऊन त्याची भोकं अक्षयाच्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, "ही काय मग? पावसात आमच्या शाळेची भिंत आतून ओली होते ती कुठून होते?" अक्षया म्हणाली, "ती गळत असेल कौलातून." दोघींची जुंपली. मागच्या बाकावरचा एक मुलगा आपला खडा उचलायला उठला.

दगड अजून कोरडाच, सानवीच्या हातात होता. मी निकाल बघायला थांबलो नाही. दारातून निघेपर्यंत सानवीने एकदाही माझ्याकडे वळून बघितलं नाही. त्या गुरुजींनी करवंट्या ठेवून घेतल्या आहेत. उद्या वापरतील की कपाटावर टाकतील, सांगता येत नाही. जमलं तर एखाद्या शनिवारी तुम्ही तिकडे जाऊन या. तुमचं ते ऐकतील. नेमणुकीचा हुकूम येईपर्यंत पोरीला एसटीने नेण्या-आणण्याचं मी बघतो आहे.

परत येऊन शाळा उघडली. पटावरून सानवीचं नाव कमी केलं. वर्ग झाडला, खरं तर झाडायला काही नव्हतं. तराजू पुसून ठेवला. बाहेर आलो, कुलूप लावलं आणि चिऱ्याच्या भिंतीवर थोडा वेळ हात ठेवून उभा राहिलो. मन फार उदास आहे, बाई. तुम्हाला बरं वाटावं म्हणून तसं नाही असं लिहिणार नाही.

वाद ऐकून झाला की खडा हलवायची मुभा असते, त्यात लाज नाही, असं तुम्ही पोरांना सांगायचात. गेल्या वर्षी त्या सभेत माझा खडा एका करवंटीत होता आणि तुमचा दुसऱ्या. मला वेळ फार लागला. पण आज दुपारी मी माझा उचलून तुमच्या शेजारी ठेवला आहे.

आपला,
भास्कर