बुरुजाच्या घराला सिमेंट

आबा,

आखातातल्या अल रुवैसजवळचं ते बुरूजवालं घर अजून उभं आहे. गेल्या महिन्यात तुमच्या भिंतीवर तळवा ठेवून आलो. कोरडी आहे, आणि तुमच्यासारखीच जरा ताठ. कित्येक शतकं शत्रूला थोपवण्यात गेलेल्या त्या घराला आपल्या वेळी सरकारने नवी नोकरी दिली होती. समुद्रापलीकडे इराण-इराकची लढाई चालू होती, म्हणून बुरुजावर भोंगा, दारात वाळूची पोती आणि आतल्या खोल्यांत गावासाठी आसरा. तुम्ही तिथे गवंडी, मी डिप्लोमा करून आलेला ताजा सुपरवायझर. बाप हाताखाली, कंपनीला यात काही विनोदी वाटलं नाही. तुम्ही मात्र रोज "या साहेब" म्हणत डबा पुढे सरकवायचात.

कागदावर सिमेंट होतं, म्हणून मी दोन खोल्यांना सिमेंट मारून घेतलं. तुम्ही ओल्या भिंतीला हात लावलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "दगड समुद्रातला हाय, पोटात मीठ हाय. त्याला घाम आला तर त्यो जाणार कुठं, तुझ्या डिप्लोम्यात?" दुपारपर्यंत एका खोलीचं सिमेंट खरवडून तुम्ही जुस मळायला घेतलात, इथला भाजलेला जिप्सम, गावाकडच्या चुन्याचा भाऊबंद. इंजिनिअर आला. "किसने निकाला?" मी बुटांकडे बघत राहिलो. तुम्ही थापी न थांबवता म्हणालात, "मैंने." तो म्हणाला, "बारिश तक देखेंगे. बिगड़ा तो खलास, घर जाओ."

हिवाळ्यात चार सरी पडल्या. सिमेंटच्या खोलीतले पोपडे पापडासारखे खाली आले. तुमच्या खोलीला ढिम्म काही झालं नाही. इंजिनिअरने मला विचारलं, "जुस किसका आयडिया था?"

"मेरा," मी म्हणालो.

तुम्ही चार हात अंतरावर थापी धूत होतात. बाकीचे गवंडी तुमच्याकडे बघत होते, तुम्ही थापीकडे.

शुक्रवारी आईला पत्र. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं, ही आपली रीत. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही म्हणालात, "लिही. पोरानं डोकं चालवलं, म्हणून घर वाचलं." कुणी हसलं नाही. तुमच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली, सापडली नाही. नुसता अभिमान होता, आणि तो मला कुठे ठेवावा कळेना.

ते पत्र पोस्टात पडलं, गावभर वाचून झालं. हे पत्र कपाटातच राहील. आईच्या पत्रातला मी एकही शब्द बदलला नव्हता, आबा. ती ओळ फक्त जरा ठळक काढली होती.