बाटलीतले तळे

४ जून

चि. खारूताईस, अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्याचे कारण एकच. माझ्या कपाटातल्या काचेच्या बाटलीचे मेण फोडलेले आहे आणि आतला वाळलेला चिखल दोन बोटे कमी आहे. तू विमानात बसलीस त्याच्या आदल्या दिवशी मेण शाबूत होते. तुझ्या आईला विचारले, तर म्हणाली, ताई, चिखल कोण चोरणार? म्हणजे तूच. फोन करत नाही, कारण फोनवर मी ओरडते, तू रडतेस आणि मुद्दा राहून जातो.

मेडिकलचे वर्ग ऑगस्टात सुरू होणार. त्याआधी दोन महिने परत परदेशातल्या, तुझ्या पदवीच्या वेळच्या प्रयोगशाळेत जाऊन अर्धे राहिलेले काम पुरे करते म्हणालीस, म्हणून मी तुझ्या बाबांशी भांडले. चोरीसाठी नव्हे.

एकेचाळीस वर्षांपूर्वी एम.एस्सी. होऊन संशोधनाला लागले, तेव्हा तो चिखल मी इथल्या तळ्याच्या बुडातून स्वतः काढला होता. मग तुझे आजोबा अंथरुणाला खिळले, मी शाळेत नोकरी धरली आणि त्या तळ्यावरचा प्रबंध दुसऱ्या प्रकरणावर थांबला. पुढे तळे बुजवून तिथे बस डेपो झाला. त्या तळ्याचे आता एवढेच उरले आहे. नेलेले परत आण.

राग आहे, लोभही आहे. दोन्हींची जाण ठेव.

तुझी मावशी

१६ जून

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

चोरी कबूल. पण परत आणता येणार नाही, कारण त्यातलं काही आता पोहतंय.

आमच्या प्रयोगशाळेच्या बाई तळ्यांच्या गाळात झोपून राहिलेल्या अंड्यांवर काम करतात. म्हणून मोह झाला. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि तुझं नाही मला लहानपणापासून पाठ आहे. आणलेला सगळा चिखल पाण्यात भिजवून दिव्याखाली ठेवला. पाच दिवस नुसतं गढूळ पाणी. बाई म्हणाल्या, इतका जुना, तोही कपाटातला, आशा धरू नकोस. सहाव्या दिवशी सकाळी पाण्यात एक ठिपका टुणकन उडाला. मग दुसरा. एकूण नऊ पाणपिसवा, टाचणीच्या टोकाएवढे जीव! अगदी काचेसारख्या. भिंगाखाली अंगाच्या आरपार दिसतं आणि पाठीपाशी हृदय उडत असतं. मावशी, ती अंडी घातली गेली तेव्हा तू माझ्याएवढी होतीस, आई शाळेत होती आणि मी कुठेच नव्हते. मजल्यावरचे सगळे रांग लावून बघून गेले. आमचे काचसामान धुणारे काका एरवी कशासाठी थांबत नाहीत. ते बघून झाल्यावर पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

आता मागणं. नऊ जिवांवरून काही सिद्ध होत नाही. बाईंना उरलेला सगळा चिखल हवा आहे आणि त्या तळ्याची माहितीही. भिजवला की तो संपला, परत मिळणार नाही. मी जुलैअखेर निघते. पुढचं काम नवी विद्यार्थिनी करेल. चिखल इकडे पाठवायच्या परवान्याचा कागद सोबत ठेवला आहे. नाही म्हणालीस तर पुन्हा विषय काढणार नाही.

माफी सवडीने दे, लोभ मात्र चालू राहू दे.

तुझी खारूताई

९ जुलै

चि. खारूताईस, अनेक आशीर्वाद.

मी आधी नाही असेच लिहिले होते. पाकीटही चिकटवले होते. बसने पोस्टात जायला निघाले ती डेपोपाशीच उतरले आणि जिथे तळ्याच्या पायऱ्या होत्या तिथे उभी राहिले. कंट्रोलरने विचारले, बाई, कुठली गाडी? कुठलीच नाही म्हटल्यावर म्हणाला, मग बाजूला उभ्या राहा. त्याचे काही चुकले नाही.

पाकीट न टाकताच घरी आले आणि एक चमचा चिखल वाडग्यात भिजवला. तुझ्यावर विश्वास नाही असे नाही. पण स्वतः पाहिल्याशिवाय लिहू नये असे मी तीस वर्षे मुलींना बजावत आले. शाळेतून मायक्रोस्कोप मागून आणला. तुझी आई रोज येता-जाता विचारायची, काय ताई, मासे आले का?

आठव्या दिवशी एक दिसली. एकच. हृदयाचे ठोके मोजले: पंधरा सेकंदांत बावन्न. तीनदा मोजले. तुझ्या पत्रात हा आकडा नाही. होणाऱ्या डॉक्टरला हे शोभत नाही. मग घड्याळ खाली ठेवले आणि नुसती पाहत बसले. तुझ्या आईला बोलावले. तिने भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ हललीच नाही. मग विचारले, ताई, हिला खायला काय घालायचे? इतकी वर्षे मी कपाटाला कुलूप लावत होते, कपडे काढत होते, ठेवत होते, आणि हाताच्या अंतरावर हे थांबून होते. मी विज्ञान शिकवले, पण याला काय म्हणावे ते मला ठाऊक नाही.

खरे सांगायचे तर बाटली बंद होती तोवर प्रबंध थांबला आहे, संपलेला नाही, असे मला म्हणता येत असे. आता तसे म्हणायची गरज उरली नाही.

तू मात्र ठरल्या तारखेला परत ये. तिथेच राहण्याचे डोक्यात घेतलेस तर मी स्वतः आणायला येईन. लोभ पूर्वीइतकाच, वाढला असला तर तो कॉलेजात पहिले पाऊल ठेवलेस की सांगेन.

तुझी मावशी

आज परवान्यासह पार्सलने दिले ते असे:
बाटली एक, मेण नवे. वाळलेला चिखल दोनशे दहा ग्रॅम. घरी काही ठेवलेले नाही.
तळ्याचा हाताने काढलेला नकाशा एक, खोली फुटांत.
नोंदवही एक. पाने शहाण्णव, लिहिलेली अडतीस, कोरी अठ्ठावन्न. नव्या विद्यार्थिनीने कोऱ्या पानांवर पुढे लिहावे.