पोथ्यांची पाठवणी

२ जून

आले एकदाचे ग्रंथालयवाले, आमच्या जुन्या पोथ्या बघायला! प्रमुख बाई, त्यांचा तज्ज्ञ आणि फोटो काढणारा एक. बाबा सकाळपासून इस्त्रीच्या सदऱ्यात. मला बघायला लोक यायचे तेव्हाही एवढा थाट केला नव्हता त्यांनी.

तज्ज्ञाने हातमोजे चढवले. घोड्यांच्या आजारांवरची पोथी उघडली आणि डोळेच मिटले — जसा काही पोटभर जेवला! मग म्हणतो, "हवा कोरडी, उजेड बेताचा. उत्तम जागा निवडलीत!"

उत्तमच असणार. माझी खोली ती. बाकीचं घर गळायला लागलं तेव्हा मीच म्हटलं होतं, ठेवा पोथ्या इथे तात्पुरत्या. तेव्हापासून मी दिवाणखान्यातल्या कोचावर. तात्पुरती!

५ जून

दादाचा फोन. परदेशातून सल्ले स्वस्त पडतात. "पोथ्या दिल्या तर ग्रंथालयातल्या दालनाला बाबांचं नाव द्यायला सांग. घराण्याचा उल्लेख हवा."

आयत्या बिळावर नागोबा! एक पोथी कधी झटकली नाही याने. म्हटलं, "तूच ये ना पाटी लावायला." लगेच आवाज ऐकू येईना त्याला. सोयीची लाइन आहे.

१० जून

बाई पुन्हा हजर, फळांची करंडी घेऊन. "काका, हा ठेवा जगाला दिसायला हवा."

जगाला! आमच्याकडे पाहुणा आला तर बसायला खुर्ची नाही. खुर्च्यांवर नकाशे.

बाबांचं आपलं "बघू, कळवतो." मागणी घालणारे दारात आले की भाव वाढतोच माणसाचा.

११ जून

डोकं ठणकतंय. डांबरगोळ्यांचा वास केसांतून जात नाही.

१६ जून

शेवटी मीच विषय काढला. "देऊन टाका, बाबा. कागदाचा भुगा व्हायच्या आत."

"बरं," म्हणाले. बस्स. एवढंच!

इतकी वर्षं ज्यांच्यासाठी घर अडवलं, त्या पोथ्या एका 'बरं'मध्ये संपल्या? मी भांडणाची पूर्ण तयारी करून ठेवली होती. वाया गेली. दुपारी सहीसुद्धा झाली.

२३ जून

गाडी आली. हमाल शांतपणे खोकी उचलत होते, तज्ज्ञच त्यांच्यामागे "हळू! हळू!" करत नाचत होता. माझ्या हातात ताऱ्यांच्या नकाशांची छोटी वही राहिली होती. "ताई, ती पण द्या."

"देते हो. पळून नाही चालले."

पुसायची मऊ फडकी पुढे केली, तर म्हणतो, "नको, आमच्याकडे खास ब्रश असतात."

असोत बापडे.

बाबा दारात उभे होते. डोळ्यांत टिपूस नाही. दगड!

२४ जून

खोली धुतली, पलंग लावला. झोप मात्र नाही. नवी जागा, दुसरं काय.

२८ जून

ग्रंथालयात नव्या संग्रहाचं प्रदर्शन. भाषणं, हारतुरे, टाळ्या. 'अमूल्य' हा शब्द इतक्यांदा आला की अगदीच स्वस्त झाला.

घोड्यांची पोथी काचेखाली. उघडलंय कुठलं पान? औषधांच्या यादीचं! अरे, शिंगरू पहिल्यांदा उभं राहतं ते चित्र दाखवा ना! चारही पाय चार दिशांना, आणि घोडी मान वळवून बघतेय. ते पान सोडून यादी? अकलेचा दुष्काळ! दाखवायला काचेवर बोट टेकवलं, तर रखवालदार म्हणतो, "बाई, हात लावू नका."

मला!

आणि बाबा? कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून कुणाशी तरी गुडघेदुखीवर गप्पा. एकदाही काचेपाशी आले नाहीत.

२९ जून

आज विचारलंच. "एवढा जीव होता ना तुमचा? काल ढुंकूनही पाहिलं नाहीत."

बाबा हसले. "माझा कुठला जीव! मला ती लिपीही येत नाही धड. वडिलांनी गळ्यात मारल्या होत्या. मी तर केव्हाच देऊन टाकणार होतो. पण तू परकरात होतीस तेव्हापासून एकेक पान फुंकर घालून पुसायचीस. पुढे आपली खोलीसुद्धा दिलीस त्यांना. म्हटलं, पोरीचा एवढा जीव आहे, तर राहू देत."

आणि 'देऊन टाका' म्हणालं कोण? मी.