ओल, फुगे आणि चीक

३ फेब्रुवारी, सकाळ
आठवा महिना संपत आला. हिने आरशासमोरून हाक मारली. म्हणाली, बघा तरी, किती काळं पडलंय! स्तनाग्रं, आणि भोवतालचं वर्तुळसुद्धा. पसरलंयही. मी धीर दिला की लाइट कमी आहे. ट्यूब बदलली. तरी काळंच.
मी घाबरलेलो नाही. इतकी वर्षं वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. ओल शिरली की भिंत आधी काळवंडते, एवढंच डोक्यात आलं.
ठराव : धंदा घरात आणायचा नाही.

५ फेब्रुवारी
त्या वर्तुळावर बारीक फुगवटे. आधी काळवंडणं, मग फुगे, मग पाझर. हा क्रम गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगतो. हिला सांगितला नाही. (सांगितला, पण सौम्य शब्दांत.) ही म्हणाली, मी काय भिंत आहे?

८ फेब्रुवारी, दुपार
पाझर! गाऊनवर पिवळसर डाग, वाळून कडक झालेले. सासूबाई मुक्कामाला आल्यात. म्हणाल्या, चीक आहे तो, बाळाचं पहिलं दूध. कुणाला आधी येतो, कुणाला नंतर. मी मान डोलावली. पण आधी येतो म्हणजे टाकी आत्तापासूनच रिकामी होतेय. बाळ आल्यावर पिणार काय? साइटवर मालात पाणी जास्त पडलं. सिमेंटच खराब असणार.

१० फेब्रुवारी, दुपार
उपाय सापडला. एक गिऱ्हाईक म्हणालं, खरखरीत टॉवेलने चोळलं की बोंडं टणक होतात. बरोबरच आहे. सरफेस घासल्याशिवाय कुठलाच कोट धरत नाही. दुकानातला सगळ्यात खरखरीत टॉवेल आणला. ही नको म्हणत होती. मी आग्रह केला.
चोळता चोळता पोट दगडासारखं घट्ट झालं. सैल पडलं. पुन्हा घट्ट. मी हिचा हात धरला होता की हिने माझा, आठवत नाही.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
डॉक्टर मॅडमच्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर पोट सैल पडलं होतं. बाळ ठीक आहे. काळं होणं नेहमीचंच. फुगवटे म्हणजे तेलाच्या ग्रंथी, साबण लावू नका. चीक गळल्याने संपत नाही. पण चोळल्याने कळा सुरू होऊ शकतात, म्हणाल्या, आणि टॉवेलची अक्कल कुणाची, ते विचारलं. मी वर बघत होतो. कोपऱ्यात ओल होती. ती दाखवून दिली. कुणी दाद दिली नाही.
टॉवेल फेकून दिला. (गाडी पुसायला ठेवलाय.)
ठराव : विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही.

७ मार्च, सकाळ
स्वयंपाकघरात पाणी! ही ओट्याला धरून उभी, पायाखाली थारोळं. शेवटी एकदा माझा विषय. धावत जाऊन मेन व्हॉल्व्ह बंद केला, सिंकखाली शिरलो, पाइप खोलला. ही काहीतरी सांगत होती. मी बजावलं, लीकेज शोधताना बोलायचं नाही.
सासूबाई हॉस्पिटलची बॅग घेऊन आल्या. म्हणाल्या, रोग रेड्याला आणि औषध पखालीला! जावईबापू, सिंक सोडा, हिची पाण्याची पिशवी फुटलीय.

७ मार्च, संध्याकाळ
फोन वाजतोय. व्हॉल्व्ह आख्ख्या बिल्डिंगचा होता. सकाळपासून कुणाकडे पाणी नाही. उचलत नाही.
मुलगी झाली. नर्सने तिला हिच्या छातीवर ठेवलं. डोळे धड उघडत नव्हते. तोंड इकडे घासलं, तिकडे घासलं, आणि ते काळं वर्तुळ बरोबर गाठलं. कुणीही न सांगता. चीक गिळल्याचा आवाज आला. टाकी भरलेली होती.
मला रडू फुटलं. थांबेचना. हिने डोळे मिटूनच विचारलं, आता हे लीकेज कुठलं?
प्रश्न माझ्या धंद्यातला होता. नर्सने टॉवेल दिला. मऊ होता.